मीठ, पाणी आणि ‘विरघळणे’ : एका दृष्टान्तामागील रसायन

भारतीय साहित्यात मीठ आणि पाणी यांचा दृष्टान्त इतका रुळलेला आहे, की तो वाचताना मूळ घटनेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकून ठेवावयास सांगतो. सकाळी ते मीठ परत मागतो. मीठ हाती लागत नाही, तेव्हा तो पाणी वरून, मधून आणि तळातून चाखावयास लावतो. तिन्ही ठिकाणी चव खारटच लागते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला पाण्यात टाकलेल्या सैंधवाच्या खड्याचे उदाहरण देतो. पुढे ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांनी जीव-शिवाचे ऐक्य सांगताना हीच प्रतिमा वापरली. समुद्राची खोली मोजावयास गेलेल्या मिठाच्या बाहुलीची रामकृष्ण परमहंसांची गोष्ट बंगालीतून साऱ्या भारतीय भाषांत पोचली.

हे सर्व दृष्टान्त एकच वाटतात, परंतु ते एकच गोष्ट सांगत नाहीत. छांदोग्यात भर आहे तो असण्यावर : वस्तू दिसत नाही, पण सर्वत्र आहे. बृहदारण्यकात भर आहे तो वेगळेपण संपण्यावर : खडा पुन्हा उचलून घेता येत नाही. बाहुलीच्या गोष्टीत भर आहे तो परत येऊन सांगणारा कोणी न उरण्यावर. एकाच भौतिक घटनेतून तीन निरनिराळे अर्थ निघाले आहेत. म्हणूनच ही घटना प्रत्यक्षात कशी घडते, मीठ पाण्यात खरोखर नाहीसे होते की काय, आणि साखर, कापूर, तेल, संगमरवर यांच्या बाबतीत तसेच का घडत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाने एकदा नीट पाहून घेणे उपयोगाचे ठरेल. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न केला आहे. उदाहरणे शक्यतो जबलपूर आणि त्याच्या वरच्या अंगाचे नर्मदाखोरे यांतून घेतली आहेत. त्याचे एक कारण भूगोलाचे आहे आणि दुसरे भाषेचे.

१. परिभाषेचा प्रश्न

आधी भाषेचे कारण पाहू. १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठा अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेले, १७९८ मध्ये मंडला व नर्मदाखोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि १८१८ पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. या काळापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यांची मुले विज्ञान शिकतात ते बहुधा हिंदी वा इंग्रजी माध्यमातून. अशा मुलाच्या हाती मराठी विज्ञानग्रंथ पडला, तर पहिल्याच पानावर त्याची गफलत होण्याचा संभव आहे. हिंदी पाठ्यपुस्तकात ‘परमाणु’ म्हणजे मूलद्रव्याचा लघुतम घटक आणि ‘अणु’ म्हणजे अशा घटकांच्या जोडणीने झालेला कण. मराठीत मात्र पहिल्याला ‘अणू’ म्हणतात व दुसऱ्याला ‘रेणू’. हिंदीतले ‘जल का अणु’ मराठीत ‘पाण्याचा रेणू’ होते, आणि मराठीतला ‘हायड्रोजनचा अणू’ हिंदीत ‘हाइड्रोजन का परमाणु’ होतो. लिपी एक, शब्द एक आणि अर्थ मात्र एक पायरी खालीवर, अशी ही स्थिती आहे.

दोन्ही भाषांनी आपले शब्द घेतले आहेत ते वैशेषिक दर्शनाच्या परंपरेतून. तेथे परमाणू अविभाज्य, दोन परमाणूंचे द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक किंवा त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो तो त्रसरेणू. म्हणजे मूळ परंपरेत ‘रेणू’ हा डोळ्यांना दिसणारा कण होता. मराठी विज्ञानाने तो शब्द कोणत्याही डोळ्याला न दिसणाऱ्या कणासाठी योजला. यात चूक कोणाचीच नाही. पण विज्ञानविषयक मजकुराचा हिंदी-मराठी अनुवाद करणाऱ्याने ‘अणु’ शब्द तसाच ठेवला, तर वाक्य निर्दोष दिसूनही विधान खोटे ठरते.

प्रस्तुत लेखात अणू व रेणू हे शब्द मराठी अर्थानेच वापरले आहेत. जे विरघळते ते द्राव्य, ज्यात विरघळते ते द्रावक, आणि दोहोंचे मिळून होते ते द्रावण. विरघळण्याच्या क्षमतेला विद्राव्यता म्हटले आहे. आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. मराठी बोलीत बर्फही ‘विरघळतो’ आणि मीठही ‘विरघळते’. शास्त्रात पहिली क्रिया वितळण्याची आहे, दुसरी विरघळण्याची. वितळावयास उष्णता पुरते, दुसऱ्या पदार्थाची गरज नसते. विरघळावयास दुसरा लागतोच. मिठाचा खडा एकटा वितळवावयाचा झाल्यास सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि तोच खडा साध्या थंड पाण्यात काही मिनिटांत दिसेनासा होतो. ही विलक्षण तफावत समजून घेणे हाच आपला विषय आहे.

२. पाण्याच्या रेणूची घडण

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे तीन अणू एका सरळ रेषेत नसतात. ऑक्सिजन मध्ये आणि दोन हायड्रोजन त्याच्या एका अंगाला, असा सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून ते बसलेले असतात. अणूंना बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन दोघांच्या सामाईक मालकीचे असले, तरी ऑक्सिजनची त्यांच्यावरील ओढ हायड्रोजनपेक्षा बरीच जास्त असते. परिणामी ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार साचतो आणि हायड्रोजनांच्या बाजूला तितकाच धन भार उघडा पडतो. रेणू एकंदरीने भाररहित राहतो, परंतु त्याला विजेच्या दृष्टीने दोन टोके येतात. अशा रेणूला ध्रुवीय रेणू म्हणतात.

येथे आकाराचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतोच, पण त्यातील तीन अणू सरळ रेषेत असतात. दोन्ही बाजूंची ओढ सारखी व परस्परविरुद्ध असल्यामुळे ती एकमेकींना रद्द करते आणि तो रेणू ध्रुवीय ठरत नाही. पाण्याचा रेणू वाकलेला नसता, तर पाण्याच्या अंगी आज असलेले बहुतेक सगळे गुण नाहीसे झाले असते. रेणूंच्या या द्विध्रुवी स्वरूपाचा सिद्धान्त पीटर डिबाय यांनी १९१२ मध्ये मांडला. द्विध्रुवाच्या मापनाच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

ध्रुवीयतेमुळे पाण्याचे रेणू एकमेकांनाही धरून असतात. एका रेणूच्या हायड्रोजनाचे धन टोक शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनाकडे ओढले जाते. या बंधाला हायड्रोजन बंध म्हणतात. तो रेणूच्या अंतर्गत बंधांच्या मानाने बराच दुबळा असतो. द्रवरूप पाण्यात तो क्षणाक्षणाला तुटतो व नव्या शेजाऱ्याशी पुन्हा जुळतो. म्हणून पाणी ही सुट्या कणांची गर्दी नसून सतत विणले आणि उसवले जाणारे जाळे आहे. पाण्यात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक पदार्थाला या जाळ्यात जागा मिळवावी लागते.

३. मीठ : भारांची फाळणी

स्वयंपाकातील मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या स्फटिकात सोडियमचे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून धन भारित झालेले असतात, आणि क्लोरीनचे अणू तो इलेक्ट्रॉन घेऊन ऋण भारित. अशा भारित कणांना आयन म्हणतात. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन व प्रत्येक क्लोराइडाभोवती सहा सोडियम आयन, अशी काटेकोर मांडणी असते. ‘मिठाचा रेणू’ असा वेगळा काढून दाखविता येईल असा कण स्फटिकात नसतोच.

हा खडा पाण्यात पडतो तेव्हा पृष्ठभागावरील सोडियम आयनाकडे पाण्याच्या रेणूंची ऑक्सिजनाची टोके वळतात आणि क्लोराइड आयनाकडे हायड्रोजनाची. चहूबाजूंनी होणारी ही ओढ पुरेशी झाली की आयन स्फटिकातून सुटतो आणि पाण्याच्या रेणूंचे वेष्टन घेऊन पाण्यात निघून जातो. शिवाय पाण्यात दोन विरुद्ध भारांमधले आकर्षण निर्वाताच्या तुलनेने सुमारे ८० पटींनी क्षीण होते. त्यामुळे एकमेकांपासून सुटलेले आयन परत एकत्र येण्याची घाई करीत नाहीत.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर मिठाचा स्फटिक मोडून आयन पूर्ण सुटे करण्यासाठी दर मोलला सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा लागते, आणि त्या आयनांना पाण्याचे वेष्टन मिळताना जवळजवळ तितकीच ऊर्जा परत मिळते. फरक उरतो तो केवळ चार किलोजूलच्या आसपास. तोही मिठाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे विरघळताना मीठ पाण्यातली थोडी उष्णता शोषते. असे असूनही ते विरघळते, कारण शिस्तीत बसलेले आयन पाण्यात मोकळे झाल्यावर त्यांना राहण्याच्या शक्यता अनेक पटींनी वाढतात, आणि निसर्गाचा कल शक्यता वाढण्याकडे असतो. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते. त्यापुढे टाकलेले मीठ तळाशी बसते. तेथेही क्रिया थांबलेली नसते. जितके आयन सुटतात तितकेच परत येऊन बसतात, एवढेच.

पाण्यातील क्षारांचे आयन वीज नसतानाही सुटेच असतात, हे मत स्वांटे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८४ च्या आपल्या प्रबंधातील विचार पुढे नेऊन १८८७ मध्ये स्पष्टपणे मांडले. प्रबंधाला परीक्षकांनी खालची श्रेणी दिली होती. १९०३ मध्ये याच सिद्धान्तासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. समकालीनांचा आक्षेप साधा होता : धन आणि ऋण भार शेजारी शेजारी असताना एकत्र न येता राहतील कसे? वर वर्णिलेले पाण्याचे वेष्टन हेच त्याचे उत्तर ठरले.

४. साखर, कापूर आणि तेल

विरघळण्यासाठी भार असलाच पाहिजे असे मात्र नाही. साखरेच्या रेणूवर भार नसतो आणि पाण्यात तिचे आयन होत नाहीत. तरी २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे मिठाच्या पाचपटींहूनही अधिक. याचे कारण तिच्या रेणूवरील आठ हायड्रॉक्सिल गट. हे गट म्हणजे जणू पाण्याच्या रेणूचाच एकेक तुकडा. ते पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात आणि साखरेचा अखंड रेणू पाण्याच्या जाळ्यात सामावतो. मीठ पाण्यात आयनांत विभागले जाते, साखर मात्र रेणूरूपाने शाबूत राहते. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून वाहत नाही म्हटले तरी चालेल. जिभेला दोन्ही ‘विरघळलेली’, पण दोहोंच्या विरघळण्याची जात निराळी.

कापूर हा भक्तिसाहित्यातला दुसरा आवडता पदार्थ. त्याचा दृष्टान्त मात्र पाण्याशी नव्हे, तर अग्नीशी जोडलेला आहे. ही निवड पदार्थाच्या स्वभावाला धरूनच आहे. कापराचा रेणू म्हणजे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचा एक गोलसर सांगाडा. पाण्याला धरता येईल असा ऑक्सिजनाचा एकच अणू त्याच्यावर असतो. एवढ्या एका खुंटीवर इतका मोठा सांगाडा पाण्यात तोलला जात नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅम-सव्वा ग्रॅम कापूर विरघळतो, पण मद्यार्कात आणि तेलात तो सहज विरघळतो. हाच न्याय अल्कोहॉलांच्या मालिकेत पायरीपायरीने पाहावयास मिळतो. दोन कार्बन अणूंचे एथिल अल्कोहॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. चार कार्बनांचे ब्यूटिल अल्कोहॉल १०० ग्रॅम पाण्यात सात-आठ ग्रॅमपर्यंतच. आठ कार्बनांचे जवळजवळ नाहीच. पाण्याला धरणारा गट प्रत्येकात एकच आहे, आणि न धरणारी शेपटी लांबत गेली आहे.

स्वयंपाकघरात हा भेद रोजचाच आहे. हळदीचा पिवळा रंग पाण्यात नीट उतरत नाही, गढूळ होऊन तळाशी बसतो. फोडणीच्या तेलात तो चटकन उतरतो. तेलाचे पाण्याशी न जमण्याला आपण ‘वैर’ म्हणतो, परंतु शास्त्रदृष्ट्या तो शब्द योग्य नाही. तेलाचे रेणू पाण्याला दूर लोटीत नाहीत. पाण्याच्या रेणूंची आपसांतील ओढ इतकी बळकट असते, की आपले बंध तोडून, बदल्यात तितके बळकट काही न मिळता, तेलाला जागा करून देणे त्यांना परवडत नाही. त्यामुळे तेल बाजूला सारले जाते आणि त्याचे थेंब एकत्र येतात. साबणाच्या रेणूचे एक टोक भारित व दुसरे तेलासारखे असल्यामुळे तो दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करतो.

५. भेडाघाट : भारित तरी अविद्राव्य

आतापर्यंतच्या विवेचनावरून असा समज होईल, की आयनांचा बनलेला कोणताही पदार्थ पाण्यात सहज विरघळेल. तो खोडून काढावयास जबलपूरजवळचा भेडाघाट पुरेसा आहे. येथे नर्मदा धुवाँधारच्या धबधब्यावरून उतरून संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते. हा संगमरवर मुख्यतः डोलोमाइटी, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा कार्बोनेट आहे. तो पूर्णपणे आयनांचा बनलेला आहे. तरी तो मिठासारखा वागला असता, तर पहिल्याच पावसाळ्यात कडे वाहून गेले असते.

याचे कारण भाराच्या प्रमाणात आहे. मिठात एकेक भाराचे आयन आहेत, तर कार्बोनेटात दोन्ही बाजूंनी दोन-दोन भारांचे. स्फटिकातील पकड भारांच्या गुणाकाराने वाढते, म्हणून ती मिठाच्या कितीतरी पट बळकट असते. शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळते. पण एवढाही नियम सरसकट लावता येत नाही. मॅग्नेशियम सल्फेटात दोन्ही आयन दोन-दोन भारांचेच असून १०० ग्रॅम पाण्यात त्याचे सुमारे ३५ ग्रॅम विरघळतात. बेरियम सल्फेट मात्र लिटरभर पाण्यात दोन-अडीच मिलिग्रॅमच. मॅग्नेशियमचा आयन लहान असल्यामुळे पाण्याचे रेणू त्याच्या अगदी जवळ येऊन त्याला घट्ट वेढतात. मोठ्या बेरियमच्या बाबतीत तसे होत नाही. म्हणजे विद्राव्यता हा एकट्या द्राव्याचा गुण नाही आणि एकट्या पाण्याचाही नाही. स्फटिकाची पकड आणि पाण्याची ओढ यांच्या चढाओढीचा तो निकाल असतो.

संगमरवराच्या बाबतीत या चढाओढीत तिसरा पक्ष शिरतो. हवेतला, आणि त्याहून अधिक मातीतला, कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होते. ते दोन भारांच्या कार्बोनेटाचे रूपांतर एका भाराच्या बायकार्बोनेटात करते. भार निम्मा झाला की पकड सुटते, आणि जे शुद्ध पाण्यात विरघळत नव्हते ते कितीतरी पटींनी विरघळू लागते. नर्मदेने आपली घळ कोरली ती केवळ याच मार्गाने नव्हे. वाहत्या पाण्याचा आणि त्यातील वाळू-गोट्यांचा घासही त्यात मोठा आहे. परंतु चुनखडीच्या प्रदेशातल्या विहिरींचे पाणी जड का असते, त्यात डाळ लवकर का शिजत नाही, आणि पाणी उकळल्यावर भांड्याला पांढरा थर का धरतो, याचे उत्तर येथेच आहे. उकळल्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटाचे पुन्हा कार्बोनेट होते आणि विरघळलेला दगड परत दगड होऊन भांड्याला चिकटतो.

६. जिभेला न कळणारे द्राव्य

जबलपूरच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्याच खोऱ्यात, मंडला जिल्हा आहे. तेथील तिलाईपानी या गावात हातपंपाच्या पाण्यातून पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे आदिवासी मुलांचे गुडघे आत वळल्याचे आढळले. १९८४ मध्ये जबलपूर येथे स्थापन झालेल्या, आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या केंद्राने (आजची राष्ट्रीय जनजाति आरोग्य संशोधन संस्था) या गावाचा अभ्यास केला. भारतात या विकाराचे वर्णन प्रथम १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाले होते. महाराष्ट्रात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावे त्याने ग्रस्त आहेत.

फ्लोराइड खडकातून पाण्यात येते, आणि ते किती यावे हे विद्राव्यतेच्याच नियमांनी ठरते. फ्लोराइडचा आयन एका भाराचा, पण आकाराने लहान. सोडियमबरोबर तो १०० ग्रॅम पाण्यात चार ग्रॅमपर्यंत विरघळतो. दोन भारांच्या कॅल्शियमबरोबर त्याचा स्फटिक इतका घट्ट असतो, की लिटरला सुमारे १६ मिलिग्रॅमच विरघळतो. म्हणून पाण्यात कॅल्शियम मुबलक असेल तोवर फ्लोराइडला आपोआप लगाम बसतो. पाठ्यपुस्तकी हिशेब केला, तर लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात फ्लोराइड दोन मिलिग्रॅमच्या थोडे वर जाऊ शकते. कॅल्शियम १० मिलिग्रॅमवर उतरले, की फ्लोराइड सात मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते. जमिनीत दीर्घकाळ मुरलेल्या, बायकार्बोनेट व सोडियम जास्त असलेल्या पाण्यातून कॅल्शियम हे कार्बोनेटाच्या रूपाने गळून पडते आणि हा लगाम सुटतो. खोल कूपनलिकेचे पाणी उघड्या विहिरीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ दिसूनही अनेकदा अधिक घातक ठरते, त्यामागे हे एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम धरली आहे. भारतीय मानकानुसार ते एक मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर दीडपर्यंत चालवून घ्यावे.

येथे श्वेतकेतूची आठवण होणे अपरिहार्य आहे. उद्दालकाने न दिसणाऱ्या मिठाची साक्ष जिभेकडून काढली. दीड काय किंवा सात काय, लिटरला इतके मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्याला वेगळा रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. वरून, मधून, तळातून कसेही चाखले तरी ते पाणी गोडच लागते. त्याची साक्ष वर्षांनंतर मुलांच्या दातांवर आणि हाडांवर उमटते. आणि या पाण्यावर घरगुती उपाय म्हणून आईने ते उकळले, तर जंतू मरतात, पण फ्लोराइड पाण्याच्या वाफेबरोबर जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. जे विरघळले आहे ते गाळण्यानेही निघत नाही, कारण आयनाला अडवील इतके बारीक छिद्र कोणत्याही कापडाला नसते.

ते काढावयाचे तर पुन्हा भाराचाच आश्रय घ्यावा लागतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. तीत पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे तीन भारांचे आयन पाण्यात मऊ, भुरभुरीत साका धरतात. फ्लोराइड त्याला चिकटून तळाशी बसते आणि वरचे पाणी निवळून घेता येते. तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मात्र मात्रा मोजून घालावी लागते, आणि खाली बसलेला साका विहिरीपासून दूर टाकावा लागतो. जेथे शक्य असेल तेथे सुरक्षित पाण्याचा दुसरा स्रोत देणे हाच अधिक खात्रीचा उपाय होय.

७. दृष्टान्ताकडे पुन्हा

एवढे पाहिल्यावर आरंभीच्या तीन अर्थांविषयी काही म्हणता येते. छांदोग्यातील विधान रसायनशास्त्राला जसेच्या तसे मान्य होण्यासारखे आहे : द्राव्य दृष्टीआड होते, नष्ट होत नाही, आणि द्रावणाच्या प्रत्येक थेंबात सारख्या प्रमाणात असते. बृहदारण्यकातील विधान खड्यापुरते खरे आहे. तो खडा, ती मांडणी, पुन्हा हाती लागत नाही. पण मीठ मात्र लागते. कोकणातल्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून तेच केले जाते. तेथे कमी विद्राव्य असलेले कॅल्शियमचे क्षार आधी बसतात, मग मीठ, आणि अधिक विद्राव्य असे मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात उरतात. सर्वांचे ‘ऐक्य’ झालेल्या समुद्रात प्रत्येकाने आपली ओळख राखून ठेवलेली असते आणि निघण्याचा क्रमही ठरलेला असतो.

ज्याला आपण एकरूप होणे म्हणतो, त्यात सोडियमचा आयन पाणी होत नाही आणि पाणी मीठ होत नाही. सोडियम आपला जुना सोबती सोडतो आणि पाण्याचे वेष्टन घेतो. पाण्याचे रेणूही आपली आधीची वीण मोडून त्याच्याभोवती वेगळ्या दिशेने वळतात. बदल दोघांतही होतो. हा भाग दृष्टान्तांत सहसा येत नाही. तेथे मीठ बदलते, समुद्र तसाच राहतो. अर्थात याने कवींचे काही चुकले असे ठरत नाही. त्यांना रसायन सांगावयाचे नव्हते, आणि दृष्टान्ताने दार्ष्टान्तिकाशी सर्व अंगांनी जुळावे अशी अपेक्षा आपल्या साहित्यशास्त्रानेही कधी केलेली नाही.

तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने एक सावधगिरी यातून निष्पन्न होते. ‘विरघळणे’, ‘वितळणे’, ‘मिसळणे’, ‘मुरणे’, ‘विरणे’ हे मराठी शब्द, किंवा हिंदीतले ‘घुलना’, ‘गलना’, ‘पिघलना’, एकाच अनुभवाचे पर्याय नाहीत. प्रत्येकात द्राव्य आणि द्रावक यांचे नाते निराळे कल्पिलेले आहे. संतवाङ्मयाचे भाषांतर करताना मिठासाठी ‘वितळणे’ योजले, तर दुसऱ्याची गरज पुसली जाते. ‘मिसळणे’ योजले, तर दोन्ही पदार्थ जसेच्या तसे राहिल्याचा भास होतो. मूळ कवीने कोणती क्रिया पाहिली होती, आणि तिचा कोणता भाग त्याला हवा होता, हे ठरवूनच शब्द निवडावा लागतो. आणि तिलाईपानीसारख्या गावात पाण्याविषयी चार शब्द सांगावयास जाणाऱ्या कार्यकर्त्यालाही हेच कोडे पडते. जे दिसत नाही, लागत नाही, गाळून वा उकळून जात नाही, ते पाण्यात ‘आहे’ हे त्या आईला पटेल अशा तिच्या शब्दांत सांगावे लागते. त्यासाठी लागणारी भाषा परिभाषाकोशात पूर्णपणे मिळत नाही. ती लोकभाषांतून शोधण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी आपले मानावयास हरकत नाही.